रेकॉर्डिंगचं लेबल वाचायला शिका: पक्ष्यांचे आवाज आणि त्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास

तुमचं फिल्डवर्क दोन महिन्यांवर आलंय आणि गाईडने सांगितलंय, "आवाज पाठ करून या." तुम्ही झेनो-कँटो उघडता, दयाळ शोधता, आणि समोर रेकॉर्डिंगची न संपणारी यादी येते. थायलंडचं, श्रीलंकेचं, केरळचं, पुण्याचं. मग बहुतेक जण काय करतात? सगळ्यात वरचं, सगळ्यात स्वच्छ ऐकू येणारं एक उचलतात, मोबाईलवर घेतात आणि लोकलमध्ये शंभर वेळा ऐकतात. परीक्षेच्या नोट्स पाठ कराव्यात तसं.

यात नेमकं काय चुकतं, हे सरळ सांगता येईल. पण रेकॉर्डिंग या वस्तूचा इतिहास कळला तर ते सांगावंच लागणार नाही, म्हणून आज इतिहास. एक गोष्ट मात्र आधीच मनात ठेवा: रेकॉर्डिंग म्हणजे पक्षी नव्हे, तो दस्तऐवज आहे. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी, काहीतरी हेतू ठेवून केलेला.

यंत्र येण्याआधी हा दस्तऐवज शब्दांत असायचा. मृगाच्या सुमारास ओरडणारा पावश्या आपल्या शेतकऱ्याला "पेरते व्हा" म्हणतो. हिंदी मुलखात तोच पक्षी "पी कहाँ" विचारतो. उन्हाळ्याने कावलेल्या इंग्रज साहेबाला त्याच आवाजात "ब्रेनफीव्हर" ऐकू आलं! टिटवीचं तसंच. आपल्याला ती टिवटिवताना ऐकू येते, इंग्रजांना ती "डिड ही डू इट" अशी चौकशी करते. म्हणजे आवाज एकच, पण प्रत्येक भाषेचा कान वेगळा. सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आलं, त्यातही हाका अशा अक्षरांतच उतरवलेल्या आहेत. त्या वर्णनांची गंमत अशी की ज्याने आवाज आधी ऐकलाय त्याला ती चटकन पटतात. ज्याने ऐकलेलाच नाही त्याचा नुसत्या अक्षरांवर फारसा निभाव लागत नाही.

यंत्राची सुरुवात १८८९ सालची. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, एका पाळीव पक्ष्याचं गाणं घेतलं. पक्ष्याच्या गाण्याचं हे आजवर माहीत असलेलं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग. आणि तो पक्षी कोणता? श्यामा! आपल्या सह्याद्रीतही असणारा, गाण्यासाठी पिंजऱ्यात ठेवला जाणारा श्यामा. हा तपशील मला फार आवडतो, पण तो नुसता अभिमानाने सांगण्यासारखा नाही. तो पक्षी पिंजऱ्यातला होता. यंत्र जड होतं, त्याला फक्त जवळचा आणि मोठा आवाज पकडता यायचा. १९१० च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकडीवर जे पक्ष्याचं गाणं विकायला आलं, तेही कार्ल राइश यांनी पाळलेल्या नाइटिंगेलचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपल्या संग्रहात कोण आलं? नर. गाणारा. जवळचा. मादीची हलकी साद, पिल्लांची किरकिर, उडता उडता दिलेली एखादी "चिक्" यांना त्या मेणावर जागाच नव्हती.

पुढे यंत्रं सुधारली. १९२९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन यांनी बोलपटाच्या साधनांनी रानातल्या पक्ष्यांचा आवाज घेतला. आजच्या मॅकॉले लायब्ररीची ती सुरुवात. लांबचा आवाज गोळा करणारी परवलयाकार तबकडी आली, युद्धानंतर टेप आली. तरीही गाणाऱ्या नराकडे झुकलेला काटा आजपर्यंत पूर्ण सरळ झालेला नाही. तुम्ही गुणवत्तेप्रमाणे यादी लावता तेव्हा हाच झुकलेला काटा वापरत असता, एवढं लक्षात असू द्या.

खरा बदल कानाने नाही, डोळ्याने झाला. आवाजाचं चित्र काढणारं स्पेक्ट्रोग्राफ नावाचं यंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल लॅबमध्ये तयार झालं. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात ते चॅफिंच या पक्ष्यावर वापरलं. पिल्लांना मोठ्यांचं गाणं ऐकू न देता वाढवलं तर ती गातात, पण ओबडधोबड गातात. म्हणजे गाणं पुष्कळसं शिकलेलं असतं. आणि जे शिकलेलं असतं त्याला गावाप्रमाणे बोली येते, जशी आपल्या मराठीला येते.

यातून रेकॉर्डिंग निवडायचा एक फार उपयोगी नियम निघतो, जो मला कुठल्या कार्यशाळेत कुणी सांगितला नव्हता. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो, पावश्या सातभाईंच्या. दोघांनाही स्वतःच्या जातीचा आवाज शिकवणारं घरात कुणी नसतं. तरी मोठे झाल्यावर ते बरोबर आपलंच ओरडतात, कारण तो आवाज जन्मजात आहे. तांबट, घुबडं, कबुतरं यांचंही साधारण तसंच. त्यामुळे पावश्या शिकायला मध्य प्रदेशातलं रेकॉर्डिंग असलं तरी फार बिघडत नाही. पण दयाळ, बुलबुल, शिंपी, श्यामा हे गाणं शिकणाऱ्या कुळातले. त्यांच्यासाठी शक्य तितकं जवळचं रेकॉर्डिंग घ्या. थायलंडच्या दयाळावर तयार केलेला कान ठाणे जिल्ह्यात किती चालेल याची खात्री नाही.

आता रानपिंगळ्याची गोष्ट. ही महाराष्ट्राची आहे आणि प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी.

ह्यूमने १८७३ साली या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. त्यानंतर डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर खरा म्हणावा असा एकही नमुना नाही. पण लंडनच्या संग्रहालयात एक नमुना होता, लेबल: मांडवी, गुजरात, १९१४. गोळा करणारा कर्नल माइनर्टझहागेन. मोठं नाव, सालिम अलींनी ज्याच्याबरोबर १९३७ साली अफगाणिस्तानात भटकंती केली तोच हा. साहजिकच पक्षी विसाव्या शतकात मांडवीकडे होता असंच सगळे धरून चालले.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला तेव्हा निघालं भलतंच. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, संग्रहालयातून चोरलेला. आतला भुसा बदलून, नव्याने शिवून, खोटं लेबल लावलेला. पक्षी खरा, कातडी खरी, पिसं खरी. खोटी होती ती फक्त चिठ्ठी, आणि तेवढ्याने शोधाची दिशा भरकटली. खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शोधत निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

आवाजाचा याच्याशी काय संबंध? जो पक्षीच सापडत नव्हता त्याचं विश्वासाचं रेकॉर्डिंग कुठून असणार? रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ साली त्याच्या आवाजांचं वर्णन छापलं, तेव्हा कुठे शोधणाऱ्यांच्या हातात काही आलं. नेहमीचा पिंगळा कर्कश भांडतो, तर रानपिंगळ्याची साद छोटी, मऊ, शिट्टीसारखी. पुढे मध्य भारतातल्या जंगलांत ही साद वाजवून उत्तराची वाट पाहत सर्वेक्षणं झाली. २०१४ साली तर तो आपल्या शेजारी, तानसा अभयारण्यात सापडला. विचार करा, त्या सर्वेक्षणांत वाजवलेलं रेकॉर्डिंग चुकीच्या घुबडाचं असतं तर? पक्षी गप्प राहिला असता आणि वहीत "नाही" अशी नोंद झाली असती. चुकीच्या "आहे"पेक्षा अशी "नाही" जास्त घातक, कारण ती कुणी पुन्हा तपासायला जात नाही.

लेबल नीट असेल तर मात्र जुनं रेकॉर्डिंगही नव्याने बोलतं. २००९ साली पश्चिम अरुणाचलात पेर अल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांच्या लक्षात आलं की एकच समजला जाणारा कस्तूर सूचिपर्णी जंगलात गोड गातो आणि वृक्षरेषेच्या वर, खडकाळ भागात खरखरीत. पुढे डीएनए, पिसं, जुने नमुने सगळं तपासून २०१६ साली जंगलातल्या पक्ष्याला सालिम अलींच्या नावाने नवी जात म्हणून जाहीर केलं. आता असं समजा की तुमच्याकडे त्या कस्तुराचं २००० सालचं रेकॉर्डिंग आहे. त्यावरचं नाव जुनं पडलं, पण "सूचिपर्णी जंगल, अमुक उंची" एवढं लिहिलेलं असेल तर ते आजही कामाचं आहे. नुसतं पक्ष्याचं नाव लिहिलेलं असेल तर ताडून पाहायला दुसरा धागाच उरत नाही.

आणखी एक नाव सांगतो, डोनाल्ड क्रूड्समा. १९८९ साली त्यांनी प्लेबॅक प्रयोग करणाऱ्यांची झोप उडवली. तुम्ही एका नराचं एकच रेकॉर्डिंग वीस पक्ष्यांना ऐकवलंत तर तुमचा नमुना वीसचा नाही, एकचा आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये काही विचित्र असेल तर वीसही पक्षी त्या विचित्रपणालाच उत्तर देतील. यावर बराच वाद झाला, पण आज परीक्षक हा प्रश्न विचारतातच. तुमच्या कानाचंही हेच आहे. एकाच दयाळाचं गाणं शंभर वेळा ऐकून तुम्ही दयाळ शिकत नाही, तो एक दयाळ शिकता. दहा वेगवेगळ्या नरांची रेकॉर्डिंग दहा-दहा वेळा ऐका. कष्ट तेवढेच.

मी बदलापूर पूर्वेला खरवईत राहतो. इथे एमआयडीसीची घरघर आहे, लोकलचा भोंगा आहे, आणि त्यातच तांबट ठोकत असतो, टिटवी ओरडते. त्यामुळे माझ्या संचात "अ" दर्जाच्या रेकॉर्डिंगबरोबर "क" दर्जाची मी मुद्दाम ठेवतो. झेनो-कँटोवरचा हा दर्जा आवाज किती स्वच्छ आहे याचा असतो, ओळख किती पक्की आहे याचा नव्हे. ओळखीसाठी खालचा मजकूर वाचा: पक्षी प्रत्यक्ष दिसला होता का, कुणी शंका घेतली आहे का. भृंगराजासारखा नकलाकार जवळपास असेल तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा. शिवाय गोंगाटात पक्षीही बदलतात. हॉलंडमधल्या लायडन शहरात २००३ साली दिसलं की गोंगाटाच्या भागातले वल्गुली कुळातले ग्रेट टिट खालच्या पट्टीचे सूर कमी वापरतात. शांत दरीतलं रेकॉर्डिंग आणि रस्त्याकडेचा पक्षी यांत फरक वाटला तर आधी हे आठवा.

शेवटचं, महिना बघा. ऑक्टोबरात आपल्याकडे येणारे वटवटे वीण करून आलेले असतात. युरोप किंवा मध्य आशियात जूनमध्ये घेतलेलं त्यांचं सुंदर, लांबलचक गाणं इथल्या हिवाळ्यात तुम्हाला क्वचितच ऐकू येईल. ब्लाइथचा वटवट्या झुडपातून फक्त "चक्" म्हणतो आणि हिरवट वटवट्या वर पानांतून एक टोकदार दोन तुकड्यांची हाक देतो. म्हणून यांच्यासाठी शोधताना प्रकार "गाणं" नाही, "हाक" निवडा, देश भारत, महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यादी एकदम आखडते. जी दहा-पंधरा रेकॉर्डिंग उरतील ती कंटाळवाणी वाटतील, पण तीच उतरवून घ्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात क्रमांक, ठिकाण आणि तारीख तशीच राहू द्या.