कामठीचा अप्रोच

‘अप्रोच’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘प्रोपे’ म्हणजे ‘जवळ’ या शब्दात आहे. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘जवळ येणे’ अशा अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि जुन्या फ्रेंचमधून ते चौदाव्या शतकात इंग्रजीत उतरले. या कुळीत पोचण्याचा अर्थ कुठेच नाही, अंतर कमी होत जाण्याचा आहे. पुलाचा अप्रोच पुलाला भिडतो, पण तो पूल नव्हे. विमानाचा अप्रोच चाके धावपट्टीला टेकण्याआधीच संपतो. मराठीत या जागी ‘जवळ जाणे’, ‘जवळ येणे’, ‘गाठणे’, ‘संधान बांधणे’ अशी वेगवेगळी क्रियापदे प्रसंगानुसार वापरली जातात. ती सगळी कामे एकट्याने करणारा हा पाहुणा शब्द मराठीत आला तो बराकी, बांधकाम आणि कचेरी अशा तीन ठिकाणच्या इंग्रजीतून. नागपूरपासून १६ किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीत ही तिन्ही ठिकाणे एकाच गावात सापडतात. शब्द कामठीतूनच मराठीत शिरला असे नाही, पण त्याचे बहुतेक अर्थ या गावाच्या इतिहासात एकामागून एक घडून गेले आहेत.

त्यातला पहिला अर्थ लष्करी. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १८१६ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. गादीवर आलेले परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते, म्हणून सूत्रे आप्पासाहेब भोसल्यांकडे गेली आणि २७ मे १८१६ रोजी आप्पासाहेबांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. जे अंतर रघुजींनी राखले होते ते असे कागदावर मिटले. पुढल्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेबांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज नागपुरात आली. आप्पासाहेब शरण गेले तरी शहरातले अरब शिपाई हटेनात. जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, इंग्रजांनी चढवलेला हल्ला फसला. शेवटी वाटाघाटी होऊन अरबांना सुखरूप वाट मिळाली, तेव्हा त्यांनी शहर सोडले.

तटबंदीपर्यंत सरकत नेलेल्या खंदकांना आणि आडोशांना इंग्रजी युद्धशास्त्रात ‘अप्रोचेस’ म्हणतात. मराठ्यांच्या युद्धभाषेत त्याला ‘मोर्चे’ हा शब्द होता. मोर्चे लावायचे, ते पुढे न्यायचे आणि मग सुलतानढवा करायचा. या दोन्ही शब्दांचे पुढचे आयुष्यही सारखेच निघाले. आज निवडणुकीचे तिकीट मिळवण्यासाठी जी ‘मोर्चेबांधणी’ होते आणि त्यासाठी ज्या नेत्याला ‘अप्रोच’ केले जाते, त्यात खंदक उरलेला नाही. सावकाश पुढे सरकणे मात्र तेच आहे.

कामठीची छावणी पडली १८२१ मध्ये. गादीवर तेव्हा अल्पवयीन तिसरे रघुजी होते आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती होता. फौजेसाठी निवडलेली जागा राजधानीपासून दहा मैलांवर, पायदळाच्या साधारण एका मजलेवर होती. मराठीतला ‘मजल’ हा शब्दच मुळी एका दिवसाच्या कूचाचा आहे. ‘मजल दरमजल’ करत चाललेल्या सैन्याला जो टप्पा लागतो तोच इथे राजधानी आणि छावणी यांच्यामध्ये ठेवलेला दिसतो. हाक मारली तर फौज त्याच दिवशी शहरात यावी, एरवी तिने शहराच्या गल्ल्यांपासून दूर राहावे. शिवाय काठाशी कन्हान वाहत होती आणि तिच्यात पेंच व कोलार या नद्यांचे पाणी जरा वरच मिसळत होते. माणसांना आणि घोड्यांना पाण्याची ददात नव्हती. छावणीची कसोटी १८५७ मध्ये लागली. त्या जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीतल्या घोडदळाचा उठावाचा बेत फुटला, तेव्हा कामठीची मद्रासी फौज इंग्रजांच्या बाजूने राहिली.

गावाच्या नावाची व्युत्पत्तीही या छावणीशीच जोडली जाते. ‘कॅम्प-टी’ या लष्करी उल्लेखाचे लोकांच्या तोंडी ‘कामठी’ झाले, असे सर्रास सांगितले जाते आणि इंग्रजी लेखनात रुळलेले ‘कॅम्प्टी’ हे रूप त्याला पुष्टी देते असे वाटते. पण ‘कामठा’ हा धनुष्यासाठीचा शब्द मराठीत जुना आहे, आणि पारशिवनी तालुक्यात पेंच नदीवरच्या धरणाचे नाव कामठी खैरी आहे. तिथे नाव देणारा कॅम्प कुठला? साहेबाने नाव दिले ही हकीकत सांगायला सोपी आहे. आधीपासून असलेले नाव साहेबाच्या कानाला ‘कॅम्प’सारखे लागले असावे, ही शक्यता निदान तितकीच जवळची आहे.

छावणीच्या पाठोपाठ बाजार आला. पलटणी मद्रास सैन्याच्या होत्या, त्यामुळे तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे इथे आली. हिंदी-उर्दू बोलणारे कारागीर आणि व्यापारी आले. मराठी तर भोवतालच्या गावांची भाषाच होती. गोऱ्या शिपायांच्या बाजाराला गोरा बाजार हे नाव पडले. अशा गावात इंग्रजी शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो लाइनीतून, मेसमधून, ठेकेदाराच्या हिशेबातून कानावर पडतो आणि व्याकरणाची कुठलीही झूल न पांघरता बोलीत शिरतो. उत्तरेकडून, जबलपूरच्या बाजूने येणारी वाट कामठीवरूनच नागपुरात शिरत असल्याने व्यापारही वाढला. राजधानीच्या दारात बसलेल्या गावाला दारातून जाणाऱ्या मालाचा लाभ मिळत होता.

रेल्वेने हे गणित उलटे केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये मुंबईकडून नागपूरला पोचली आणि माल थेट नागपुरात चढू-उतरू लागला. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज वाट कामठीवरून कन्हान ओलांडून पूर्वेला राजनांदगावपर्यंत गेली. बंगाल-नागपूर रेल्वेची स्थापना १८८७ मध्ये झाली. तिने ही वाट घेऊन ब्रॉडगेज केली आणि पुढे कोलकात्याच्या मार्गाला जोडली. स्टेशन कामठीलाही मिळाले, पण स्टेशन मिळणे आणि पेठ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी. दहा मैलांचे जे अंतर बैलगाडीला मुक्कामाचे होते, ते आगगाडीला वाटेतले एक ठाणे झाले. १८८१ नंतर कामठीची लोकसंख्या प्रत्येक जनगणनेत घटत गेली आणि १९०१ मध्ये ती ३८,८८८ भरली. दरम्यान फौजही कमी करण्यात आली होती. जवळ असण्याचा फायदा अंतर टिकून असेपर्यंतच असतो. अंतर जवळजवळ नाहीसे झाल्यावर वाटेवरच्या गावाकडे थांबण्यासारखे काही उरत नाही.

‘अप्रोच’चा दुसरा अर्थ बांधकामाचा आहे, आणि मराठी माणसाच्या तोंडी हाच सर्वात घट्ट बसला आहे. कन्हानवर ब्रिटिश काळातला दगडी रस्तापूल आहे आणि रेल्वेचा पूलही आहे. पुलाच्या दोन्ही टोकांना जमिनीच्या पातळीपासून पुलाच्या पातळीपर्यंत चढत नेलेला रस्ता म्हणजे अप्रोच रोड. सरकारी मराठीत त्याला ‘पोचमार्ग’ किंवा ‘पोहोच रस्ता’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘जोडरस्ता’ लिहितात आणि साइटवरचा मुकादम नुसते ‘अप्रोच’ म्हणतो. पुलाच्या कामात हाच भाग सर्वात कमी मानाचा आणि सर्वात जास्त त्रासाचा असतो. पुलाचे खांब आणि टोकाच्या भिंती पक्क्या पायावर उभ्या असतात, त्या खचत नाहीत. अप्रोच मात्र मातीच्या भरावावर असतो. तो स्वतःच्या वजनाने आणि वरून जाणाऱ्या ट्रकांच्या भाराने हळूहळू बसतो. एक बाजू स्थिर आणि दुसरी बसणारी, म्हणून सांध्यावर खळगा पडतो आणि पुलावर चढताना व उतरताना गाडीला दणका बसतो. पूर आला की पाणी बहुधा खांबांपेक्षा भरावाची माती आधी कापते. कन्हानसारख्या, तीन नद्यांचे पाणी घेऊन येणाऱ्या पात्रावर म्हणूनच भरावाला दगडी पिचिंग आणि बाजूच्या भिंती लागतात. पूल शाबूत आणि वाहतूक बंद, असे चित्र महाराष्ट्रात पावसाळ्यात दिसते ते याच कारणाने. पुलाचे उद्घाटन होऊन जाते आणि ‘अप्रोच बाकी आहे’ हे वाक्य पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहते.

‘पोचमार्ग’ हा प्रतिशब्द मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘पोच’ या मराठी शब्दात पोचून गेल्याची खूण असते. पोचपावती वस्तू मिळाल्यावर येते. ‘त्याला पोच नाही’ म्हणजे प्रसंग कळण्याइतकी त्याची बुद्धी पोचत नाही. ‘अप्रोच’ मात्र पोचण्याच्या अलीकडेच थांबतो. रस्त्याच्या बाबतीत हा फरक कुणाला जाणवत नाही. कचेरीत आला की जाणवतो.

कचेरी हा शब्दाचा तिसरा मुक्काम. नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी बनले आणि अर्जविनंत्यांचे मोठे केंद्र झाले. इंग्रजीत ‘टू अप्रोच’ म्हणजे एखाद्याकडे काम घेऊन, विनंती घेऊन जाणे. काम होईलच असे त्यात गृहीत नसते. मराठीत आणि हिंदीत मात्र त्याचे एक अस्सल भारतीय नाम तयार झाले. ‘त्याचा वरपर्यंत अप्रोच आहे’ या वाक्यातला अप्रोच म्हणजे वशिला. इथे माणूस आधीच पोचलेला असतो, नव्हे, पोचलेलाच समजला जातो. मूळ शब्दात नसलेली ‘पोच’ मराठीने त्यात अशी भरली. इंग्रजी कोशांच्या दृष्टीने ही चूक असली तरी तिच्यामागे कचेरीच्या पायऱ्या झिजवण्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. ज्याला नुसतेच जवळ जाता येते, त्याचे काम होत नाही.

जवळ जाण्याला पायऱ्या असतात ही गोष्ट कामठीतल्या एका माणसाने दुसऱ्या बाजूने हाताळली. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म १९०४ मध्ये कामठीत झाला. विडी कामगारांचे संघटन त्यांनी केले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. जानेवारी १९३९ मध्ये, पस्तिशीतच, त्यांचे निधन झाले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. प्रचलित हकीकतीनुसार मुसलमानांमधल्या सलाम आणि प्रतिसलामाच्या जोडीवरून त्यांना हे सुचले, आणि ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर द्यावे अशी त्यांची आरंभीची कल्पना होती. उत्तराचा भाग मागे पडला आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झाले. याचे महत्त्व ‘जोहार’ हे जुने अभिवादन आठवल्यावर कळते. जोहार खालून वर घालायचा असे, तोही ठरलेल्या अंतरावरून. दोघांनी एकमेकांना एकच शब्द म्हणणारे अभिवादन हे अंतर मानत नाही. ‘अप्रोचेबल’, म्हणजे ज्याच्याजवळ सहज जाता येते असा, हे विशेषण इंग्रजीत माणसाच्या स्वभावाला लावतात. अस्पृश्यतेच्या समाजात जवळ जाता येणे कुणाच्या स्वभावावर नव्हे, तर जातीवर ठरत होते.

चौथा अर्थ विचारपद्धतीचा. ‘प्रश्नाकडे पाहण्याचा अप्रोच’ हा प्रयोग शिक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या भाषेतून आला. त्याला ‘दृष्टिकोन’ हा चांगला शब्द आहे आणि विद्यापीठीय लेखनात ‘उपागम’ही दिसतो. दृष्टिकोनात माणूस जागेवर उभा राहून पाहतो, अप्रोचमध्ये चालत जातो. एवढा फरक सोडला तर इथे इंग्रजी शब्दाची गरज भासत नाही.

वापराच्या दृष्टीने एक गोष्ट मराठी भाषकांना हमखास अडवते. इंग्रजीत ‘अप्रोच’ हे क्रियापद आपले कर्म थेट घेते: ‘वुई अप्रोच्ड द कलेक्टर’, ‘द ट्रेन इज अप्रोचिंग कॅम्प्टी’. मध्ये ‘टू’ लागत नाही. मराठीत आपण कलेक्टरकडे जातो, म्हणून ते ‘कडे’ इंग्रजीत ‘टू’ होऊन घुसते आणि ‘अप्रोच्ड टू द कलेक्टर’ असे चुकीचे वाक्य तयार होते. नाम असेल तर मात्र ‘टू’ हवेच: ‘द अप्रोच टू द ब्रिज’. मराठीत शब्द पुल्लिंगी चालतो आणि क्रिया ‘करणे’ किंवा ‘होणे’ लावून होते: साहेबांना अप्रोच केले, साहेबांना अप्रोच झालो. दुसऱ्या प्रयोगात बोलणाराच जवळ सरकतो, म्हणून तो थोडा अधिक नम्र वाटतो. लेखनात ‘ॲप्रोच’ हे रूप पुष्कळ आढळते, पण इंग्रजी उच्चारातला पहिला स्वर मराठी ‘अ’च्याच जवळचा असल्याने ‘अप्रोच’ लिहिणे अधिक बरोबर.

कामठीची छावणी आजही आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आणि एनसीसी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी इथेच आहे. नागपूर मेट्रोची सीताबर्डी ते ऑटोमोटिव्ह चौक ही कामठी रस्त्यावरची मार्गिका डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, आणि दुसऱ्या टप्प्यात ती पुढे कामठीतून कन्हान नदीपर्यंत नेण्याची योजना आहे.