माल्टाचे सरदार आणि त्यांचे स्वामी

‘नाइट’ म्हटले की चिलखत, घोडा आणि तळपती तलवार आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ‘ऑर्डर ऑफ माल्टा’ या संघाचा उगम रणांगणात नव्हे, तर जेरुसलेममधील यात्रेकरूंच्या रुग्णालयात आहे. धन्यवादित जेरार्ड यांच्या त्या सेवाकार्यास पोप दुसरे पास्काल यांनी १११३ साली मान्यता दिली. शस्त्रे मागाहून आली. १५३० मध्ये संघ माल्टा बेटावर आला, १७९८ मध्ये नेपोलियनने त्यास तेथून घालविले आणि १८३४ मध्ये तो रोमला स्थिरावला.

या संघात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील ‘नाइट्स ऑफ जस्टिस’ व संघाचे व्रतस्थ धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रते घेतात. या व्रतस्थ नाइटांच्या नावामागे ‘फ्रा’, म्हणजे बंधू, ही उपाधी लागते. दुसऱ्या वर्गातील सभासद आज्ञापालनाचे वचन देतात व आपापल्या जीवनस्थितीत ख्रिस्ती पूर्णत्वासाठी झटतात. त्यांत विवाहित स्त्रीपुरुषही असतात. तिसऱ्या वर्गातील सभासद व्रत घेत नाहीत की वचनही देत नाहीत. परंतु श्रद्धेचे रक्षण आणि दीनांची सेवा या कर्तव्यांतून त्यांची सुटका नाही. संघाचे बहुसंख्य सभासद याच वर्गात मोडतात.

म्हणजे येथे पायरी ठरते ती अर्पणावरून. तरीही शतकानुशतके या पायऱ्यांच्या आड कुळाचा उंबरठा उभा होता. खानदानाचे पुरावे द्यावे लागत. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला, त्यालाही उच्च कुळाच्या पुराव्यावाचून ग्रँडमास्टर होता येत नसे. दारिद्र्याचे व्रत घेणाऱ्यास वंशावळ विचारावी, ही विसंगतीच होती. ३ सप्टेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी नवी घटना लागू केली आणि ग्रँडमास्टरपदासाठी असलेली ती अट गेली. हे पद पूर्वी आजन्म असे. आता त्याला दहा वर्षांची मुदत आहे.

या बदलाचे बीज मात्र संघाच्या घरातच होते. जेरार्ड यांच्यानंतर आलेल्या रेमंड द्यु प्युई यांनी नियमावली घालून दिली. तीत रुग्णाला ‘स्वामी’ मानले आहे आणि सेवेकऱ्यांनी जेवण्यापूर्वी त्याला जेवू घालावे, असे सांगितले आहे. सरदाराने ज्याला धनी म्हणावे तो राजा नव्हे, तर खाटेवरचा निराधार!

बाप्तिस्म्याच्या वेळी आपणही वचन दिले आहे. मिरवणुकीत छत्रीखाली कोण आणि पुढच्या बाकावर कोण, यावरून आपल्या धर्मग्रामांत मने दुखावतात, तेव्हा एकच प्रश्न विचारावा : आपल्या घरातील, आपल्या आळीतील रुग्णाला आपण ‘स्वामी’ म्हणतो काय?