लाल माती, काळी माती आणि आपल्या नद्या

निपाणीहून बेळगावला येताना मातीचा रंग बदलतो. तिकडे तंबाखूची काळी जमीन, इकडे लाल. मूळ खडक मात्र बहुतेक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा काळा दगड. बेळगाव-खानापूरच्या जोरदार पावसाने त्यातला चुना आणि सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. तोच आपला जांभा.

जमिनीला असा आकार कसा आला आणि तो कसा बदलतो आहे, हे शोधणारे शास्त्र म्हणजे भूरूपशास्त्र. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली या मुलखाच्या भूगर्भाचा अहवाल प्रसिद्ध केला; त्याच्या नावातच ‘दक्षिण मराठा प्रदेश’ आहे. मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यांत त्यांना अश्मयुगीन हत्यारेही सापडली. नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात हत्यार मिळाले, की तो थर साधारण कोणत्या काळचा हे कळू लागते.

नदीचा उतार नकाशावरून मोजणे ही दुसरी पद्धत. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगमते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला घाट उतरून गोव्यात मांडवी होते. समुद्र जवळ, म्हणून तिचा उतार तीव्र आणि खोदण्याची ताकद जास्त. अशा नद्या डोंगर पोखरत उगमाकडे, म्हणजे पूर्वेकडे सरकतात. दोघींमधली पाणलोटाची रेषा त्यामुळे कायमची नाही. पाणीवाटपाच्या वादात हे कोणी बोलत नाही. अर्थात हा बदल लाखो वर्षांच्या हिशेबाचा आहे.

पुराचा हिशेब जवळचा. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीच्या काठी साचलेल्या गाळाच्या थरांवरून जुन्या महापुरांचा माग काढला. सरकारी नोंदी सुरू होण्याआधीचे पूरही असे थर सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. नदीकाठची सपाट काळी रानेही पुरांनी आणलेल्या गाळानेच भरलेली असतात, म्हणजे नदी तिथे पूर्वीही येऊन गेलेली असते.

वेदगंगा-दूधगंगेकाठच्या ज्या घरांत भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण असेल, त्यांनी रंगकामाआधी तिची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि सालासह लिहून ठेवावी. अभ्यासकांना अशा नोंदी लागतात.