एकाहत्तर वर्षांची चाकरी

उभारणाऱ्याचे नाव इतिहासाला पाठ असते, राखणाऱ्याचे नसते. आमच्या बाळापूरचेच पाहा ना! मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळचा किल्ला एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबाने १७५७ मध्ये पुरा केला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण पुढे त्या तटाच्या भेगा कोणी बुजवल्या, हे कोण सांगणार? जे दगडाचे, तेच लोखंडाचे. आमच्याच वऱ्हाडातल्या एका लोखंडी चाकराची हकीकत त्यासाठी सांगावयाची आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली. तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेचे रूळ वऱ्हाडात आले. तरी यवतमाळ आणि अचलपूर मुख्य मार्गापासून दूरच राहिली. तिकडचा कापूस आणण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर मध्यावर धरून दोन्हीकडे छोटे रूळ टाकले. लांबी सुमारे १९० किलोमीटर, रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. लोकांनी या गाडीचे नाव ठेवले ‘शकुंतला’.

मँचेस्टर शहरात १९२१ मध्ये बांधलेले ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन १९२३ मध्ये या मार्गावर कामाला लागले. ज्या शहराच्या नावाने एके काळी आमच्या कापसाचे गठ्ठे रवाना होत, तिथूनच हे इंजिन आले! १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली. महायुद्ध झाले, इंग्रज गेले. वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. इंजिन मात्र तेच.

मँचेस्टरचे लोखंड चांगले होते, हे खरे. पण नुसत्या चांगल्या लोखंडाने कोणी एकाहत्तर वर्षे चालत नाही. वाफेचे इंजिन हे रोज सांभाळावे लागणारे जनावर आहे.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आपण तांब्याचा बंब पेटवतो. मधली नळी निखाऱ्यांची आणि भोवती पाणी. इंजिनाच्या बॉयलरचे तत्त्व फारसे निराळे नाही. फरक एवढाच, की बॉयलरमध्ये वाफ कोंडून धरतात. उघड्यावर पाण्याची वाफ झाली तर ती मूळच्या सुमारे सोळाशेपट जागा मागते. कोंडली तर तीच धडपड दट्ट्या ढकलते आणि चाके फिरवते. जुन्या बंबाच्या आत पांढरी खपली धरलेली गृहिणींनी पाहिलेली असेलच. पूर्णाकाठच्या आमच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्यातले क्षार कोणाला समजावून सांगायला नकोत. ही खपली बॉयलरमध्ये साचली की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कोळसा जास्त जळतो आणि पत्रा तापून कमजोर होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करायचे, बुचे काढायची, जोराच्या पाण्याने आणि सळयांनी खपली खरवडून काढायची. निराळ्या नळ्यांतली काजळी निराळी.

भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा सदा पाण्याखाली राहिला पाहिजे. म्हणून ड्रायव्हरचा एक डोळा वाटेवर, तर दुसरा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. तो चुकलाच तर माथ्याच्या पत्र्यात शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूचे बूच बसवलेले असते. पाणी उतरले की ते वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि मोठ्या अनर्थाआधी माणसे सावध होतात. चाकांवर हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकावा लागतो. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर तडा! कुंभाराकडून माठ घेताना आपणही दुसरे काय करतो? झिजलेली बेअरिंगे पुन्हा ओतायची, घासून बसवायची, सांध्यासांध्यात तेल घालायचे. शिवाय मँचेस्टर पडले सात समुद्रांपलीकडे. जुन्या इंजिनाचा सुटा भाग दुकानात मिळत नाही. तो कारखान्यात घडवावा लागतो.

याच १९२३ मध्ये हिंदुस्थानात बॉयलरचा कायदा झाला. रेल्वेच्या इंजिनांना त्यातून वगळले होते. पण जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतल्या बॉयलरचा दाखला एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांचाच मिळे. काल चालले म्हणून आज चालेल, हे यंत्राच्या बाबतीत गृहीत धरायचे नसते, एवढे शहाणपण त्या कायद्यात होते.

डिझेल आले तशी काजळी गेली, बॉयलर गेला, आणि त्याबरोबर त्या हातांची विद्याही निरुपयोगी ठरली. पुढे २०१६ पर्यंत शकुंतलेची ती डिझेल गाडीही थांबली. कंपनीचे नाव, बांधणीचे साल, निवृत्तीची तारीख, सारे नोंदले गेले आहे. पण खपली खरवडणारा, हातोडीचा आवाज ओळखणारा फिटर कुठे आहे?

तो अजून काही घरांत आहे. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर इकडे ज्यांच्या घरी वाफेच्या इंजिनावर काम केलेले आजोबा असतील, त्या नातवंडांनी या सुट्टीत फराळाचे ताट त्यांच्यापुढे ठेवावे आणि वही घेऊन बसावे. बुचे किती दिवसांनी काढत होता? तडा गेलेल्या चाकाचा आवाज कसा येई? तुम्हांला हे कोणी शिकवले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नावानिशी लिहून घ्यावे.