प्रॉक्सी कॅशचा इतिहास : प्रतीवरील अधिकाराचे स्थलांतर

प्रस्तावना

महाजालावरील एखादे पान एकदा मागविल्यानंतर त्याची प्रत वाटेतील मध्यस्थ संगणकावर जपून ठेवणे व पुढील मागणीस तीच प्रत पुरविणे, यास प्रॉक्सी कॅश असे म्हणतात. या व्यवस्थेचा विचार बहुधा गती व खर्च यांच्या अंगाने केला जातो. तथापि प्रत किती काळ ताजी मानावी आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात याच अधिकाराच्या स्थलांतराचा मागोवा घेतला आहे.

वाचकाच्या दारातील प्रॉक्सी

फायरवॉलने बंदिस्त केलेल्या जाळ्यातील वाचकांना बाहेरची पाने पाहता यावीत, या गरजेतून प्रॉक्सी पुढे आली. १९९४ साली जिनिव्हा येथील पहिल्या जागतिक वेब परिषदेत आरी लुओटोनेन व केविन आल्टिस यांनी तिच्यावरील निबंध मांडला. प्रती साठविण्याची सोय सर्न संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये तेव्हाच आली होती. पुढे हार्वेस्ट या अमेरिकन संशोधन प्रकल्पातील कॅशवरून १९९६ मध्ये ड्युएन वेसल्स यांच्या नेतृत्वाखाली स्क्विड ही मुक्त प्रणाली विकसित झाली. प्रकाशकाने मुदत दिली नसेल तेव्हा ती ठरविण्याची मुभा स्क्विडमध्ये व्यवस्थापकास होती. इतकेच नव्हे, तर प्रकाशकाने दिलेली मुदत डावलण्याचा पर्यायही पुढे उपलब्ध झाला. अर्थात प्रतीवर वाचकाच्या संस्थेची सत्ता होती.

प्रकाशकाच्या हाती सूत्रे

मे १९९६ च्या एचटीटीपी १.० दस्तऐवजात प्रकाशकापाशी मुख्यत्वे 'एक्स्पायर्स' ही मुदतीची तारीख होती. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीने 'कॅश-कंट्रोल' हे शीर्षक आणले. त्यातील 'मॅक्स-एज' सेकंदांत मुदत सांगते, 'प्रायव्हेट' सामायिक साठवणूक नाकारते, तर 'नो-स्टोअर' साठवणूकच नाकारते. २००६ साली नॉर्वेतील 'व्हेर्डेन्स गांग' या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी पॉल-हेनिंग काम्प यांनी रचलेली व्हार्निश ही प्रणाली तर केवळ प्रकाशकाच्या सर्व्हरपुढे उभी राहण्यासाठीच होती. प्रॉक्सी वाचकाच्या दारातून प्रकाशकाच्या दारात आली. पुढे एचटीटीपीएसचा प्रसार झाल्यावर वाटेतील सामान्य प्रॉक्सीला मजकूर वाचणेच अशक्य झाले आणि हे स्थलांतर जवळपास पूर्ण झाले.

मांडणीतील जबाबदारी

अधिकारासोबत दायित्वही सरकले. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील प्रवेशाची सूचना सर्वांसाठी एकच असते. ती काही मिनिटे साठविल्यास सर्व्हरवरील ताण हलका होतो. परंतु विद्यार्थ्याचे गुणपत्रक त्याच नियमाने साठविले गेले, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतात. मध्यस्थास पत्ता दिसतो. मजकूर कोणाचा आहे, हे त्यास सांगावेच लागते.

निष्कर्ष

कॅशची मांडणी ही केवळ तांत्रिक बाब नसून कोणती माहिती सार्वजनिक व कोणती व्यक्तिगत, याविषयीचा तो निर्णय आहे. एकेकाळी त्यात वाचकाच्या संस्थेचाही वाटा होता. आज तो प्रामुख्याने प्रणाली उभारणाऱ्याकडे आहे. म्हणून विद्यार्थ्यांना ही मांडणी शिकविताना तिच्यामागील जबाबदारीही शिकविणे अगत्याचे ठरते.