कॅन्सरवरील जनुकीय उपचार : नेम कसा साधला?

"डॉक्टर, ती जीन थेरपी आमच्या पेशंटला देता येईल का?" हा प्रश्न हल्ली नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. म्हणून केस गळतात, तोंड येते. आपल्या रक्तातील टी पेशी शत्रू ओळखून मारतात, पण कॅन्सरची पेशी शरीरातलीच असल्याने अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटते. १९८९ साली इस्राएलमध्ये झेलिग एशहार यांच्या गटाने टी पेशीत नवे जनुक घालून तिला ठराविक खूण ओळखायला लावले. मात्र सुरुवातीच्या अशा पेशी शरीरात फार काळ टिकत नसत. पेशीला चेतवणारा आणखी एक संकेत जोडल्यावर त्या टिकू आणि वाढू लागल्या. हीच कार-टी पेशी.

२०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या ६ वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला गेला. तिचा रक्ताचा कॅन्सर केमोथेरपीनंतर दोनदा उलटला होता. तिच्याच टी पेशी काढून, त्यांत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत जनुक घालून त्या परत दिल्या. पेशी अशा त्वेषाने लढल्या की एमिली तापाने फणफणली, व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत आयएल-६ हे दाह वाढवणारे प्रथिन प्रचंड वाढलेले आढळले. संधिवाताचे टोसिलिझुमॅब हे औषध त्याला रोखते, हे संशोधक कार्ल जून यांना माहीत होते. त्यांच्या मुलीलाच संधिवात होता. औषध दिले, एमिली सावरली, कॅन्सरही गेला. आजही या दुष्परिणामावर तेच औषध वापरतात.

२०१७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. खर्च अमेरिकेपेक्षा खूप कमी, तरी लाखांत.

मग सगळ्यांना का नाही? या पेशी बी पेशींवरील सीडी-१९ ही खूण शोधतात. त्यात निरोगी बी पेशीही मरतात. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, पण योग्य काळजी घेतल्यास माणूस त्यांच्यावाचून जगू शकतो. फुप्फुस किंवा यकृतावाचून जगता येत नाही! तिथल्या गाठींवर फक्त कॅन्सरचीच म्हणावी अशी खूण सापडणे कठीण आहे.

म्हणून सध्या हा उपचार मुख्यतः उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या काही रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे. जाहिरातीला भुलण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन तज्ज्ञांना विचारा : "आमच्या कॅन्सरवर अशी खूण आहे का?"