आभासी तबकड्यांचें बारसें

एकाच वाड्यांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ राहत असले, म्हणजे टपालवाल्याची कशी तारांबळ उडते हें आपण जाणतांच. पण तेथें चेहरा पाहून चूक सुधारतां येते. यंत्राची सारी भिस्त नांवावर. म्हणून संगणकांचीं जाळीं पसरूं लागतांच परस्परभिन्न नांवांचा प्रश्न उभा राहिला.

१९८१ सालीं झेरॉक्स कंपनींतील योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनीं या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. यांपैकीं दलाल हे मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर. प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा क्रमांक असावा आणि यंत्र कोठेंहि नेलें तरी तो बदलूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. असे क्रमांक सुमारें २८१ लक्ष कोटी होतात. त्यांचे वाटप प्रथम झेरॉक्सनें व पुढें आय-ट्रिपल-ई या संस्थेनें पाहिलें. पहिले २४ बिट संस्थेनें कारखानदाराला द्यावयाचे, उरलेले २४ त्यानें आपल्या हिशेबानें वापरावयाचे. जणूं आडनांव संस्थेचें आणि नांव कारखानदाराचें! फायबर चॅनलच्या तबकड्यांचीं ‘जागतिक नांवें’ याच कुळांतलीं.

परंतु आभासी तबकडी कारखान्यांत घडत नाहीं. ती केवळ एक फाइल असते. तिचें बारसें कोणी करावें? एक उपाय असा कीं, आज्ञावली रचणाऱ्या कंपनीनेंच कारखानदाराचें आडनांव लावावें. व्हीएमवेअरनें तसें केलें. दुसरा उपाय यदृच्छेचा. २००५ च्या प्रमाणलेखांत १२८ बिटांच्या नांवाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यांतील १२२ बिट यदृच्छेनें निवडावयाचे. दोन नांवें जुळण्याचा संभव इतका अल्प कीं, मध्यवर्ती नोंदवहीची गरजच उरत नाहीं.

खरें संकट निराळेंच आहे. फाइलीची नक्कल करतां येते, आणि तींत नांव लिहिलेलें असल्यास तेंहि नकलेंत उतरतें. एकाच जागतिक नांवाच्या दोन तबकड्या दिसल्या, तर संगणक त्यांना एकाच तबकडीकडे जाणारे दोन मार्ग समजूं शकतो. मग एकीचा मजकूर दुसरीवर लिहिला जाऊन दोन्ही नासतात. म्हणूनच व्हर्च्युअलबॉक्स तोच क्रमांक असलेली दुसरी तबकडी नोंदवून घेण्यास नकार देतो.

मग प्रत्येक नकलेला नवें नांव द्यावें काय? तसेंहि नाहीं. मूळ तबकडी नष्ट झाल्यावर राखून ठेवलेली प्रत तिच्या जागीं बसवावयाची असेल, तर जुनेंच नांव हवें. नवें अपत्य जन्मलें, कीं जुना गृहस्थ घरीं परतला, हें फाइलीवरून यंत्राला उमगत नाहीं; तें माणसालाच सांगावें लागतें.